पाय कुणी काढला

परशराम आप्पा गेल्याची बातमी मला निपाणीत, भावाच्या घरी जेवताना कळली. फोन बाबूचा होता. बाबू आमच्याकडचा दुसरा ड्रायव्हर. "साहेब, आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, आन् बसल्या जागीच..." मी हात धुतला, अंगणात येऊन उभा राहिलो. त्या वेळी माझ्या मनात आधी काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. दुःख नंतर आलं. आधी वाटलं, चला, आता सांगावं लागणार नाही. आणि हे वाटलं म्हणूनच अंत्ययात्रेच्या वेळी आप्पांच्या घराच्या दारापर्यंत जाऊनही मी आत जाऊ शकलो नाही.

मोबाइलचे टॉवर सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या बेळगावच्या कार्यालयात मी देखरेखीचं काम करतो. टॉवर बंद पडला की बॅटऱ्या, डिझेल आणि माणसं घेऊन तिथं पोचायचं. शहरात हे काम सोपं. जांबोटीच्या पुढच्या डोंगरांतले टॉवर मात्र पावसाळ्यात चार-चार महिने लाल चिखलात असतात. तिथं जाणारी गाडी आप्पांची. कंग्राळीच्या शेतकरी घरातला माणूस, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मी त्यांना आप्पा म्हणायचो आणि ते मला साहेब म्हणायचे. मी कितीदा सांगितलं, आप्पा, नावानं हाक मारा. "मारतो की," म्हणायचे, आणि पुढचं वाक्य 'साहेब'नंच सुरू करायचे. अवघड चढ आला की गाडी थांबवून खाली उतरायचे, पॅन्ट दुमडायची, चपला काढायच्या आणि वरपर्यंत अनवाणी चालत जाऊन परत यायचे. मी घड्याळ बघत बसायचो. "टाच किती आत जाते बगितलं की चाकाचं कळतंय," असं सांगत पाय पुसायचे आणि मग एकदाच, न थांबता, गाडी वर न्यायचे. टॉवर बंद असला की वाडीतली माणसं मला शिव्या द्यायची आणि आप्पांना चहा. शिवाय औषधांच्या चिठ्ठ्या. पुढच्या खेपेला प्रत्येकाची गोळी बरोबर त्याच्या हातात पडायची.

जुनी जीप जाऊन नवी पिकअप आली तेव्हाची गोष्ट. ट्रॅक्शन कंट्रोल नावाची नवी सोय तिच्यात होती. शिकवायला आलेल्या तरुण माणसानं पडद्यावर चित्रं दाखवत तासभर इंग्रजीत सांगितलं, आम्ही माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पिकअप आमच्या गाड्यांच्या यार्डामागच्या मोकळ्या जागेत नेली, एका बाजूची चाकं पाणी ओतून केलेल्या चिखलात आणि दुसऱ्या बाजूची कोरड्या मुरुमावर उभी केली आणि आम्हाला बोलावलं. चारही चाकांना ताकद जाते म्हणजे गाडी अडकणारच नाही, असा माझाही समज होता. तसं नसतं. दोन चाकांच्या जोडीत जे चाक मोकळं फिरेल तिकडं ताकद पळते. चिखलातलं चाक गरगर फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं नुसतं उभं.

"साहेब, बैलं हाकलीसा कवा?"

"नाही."

"मग तुमाला कसं कळणार! एक बैल नुसताच पळालाय, त्याच्या खांद्यावर वझंच न्हाय. दुसरा हुबा. मग काय करायचं? पळणाऱ्याचा कासरा ओढायचा. त्यो आवरला की दुसऱ्याच्या मानेवर वझं येतंय, त्यो ओढतोय. ही गाडी तेच करती. फिरणाऱ्या चाकाला आपल्या आपण ब्रेक लावती." मग जरा थांबून, "बैलांचं अगदी असंच हुतंय असं न्हाय, पन समजायला बरं."

"मग आप्पा, तुमी घरी बसा की," बाबू म्हणाला, "गाडी एकटी जाईल टॉवरला."

"जाईल. पन तुला शिव्या कोण देणार रं वाटंत?"

सगळे हसले. मग त्यांनी बाबूला चालवायला बसवलं. चाक फिरलं, समोर दिवा लुकलुकला आणि खालून कर्र कर्र कर्र असा आवाज सुरू झाला, जणू कुणी दाते असलेलं लोखंड लोखंडावर ओढतंय. बाबूनं घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडी जिथल्या तिथं. "पाय का काढलास? त्यो मोडायचा आवाज न्हवं, कामाचा आवाज हाय. पाय दाबायचा न्हाय, आन् काढायचा बी न्हाय. ठेवायचा. तू काढलास की गाडीला वाटतंय, ह्याला जायाचं न्हाय." दुसऱ्यांदा बाबूनं पाय ठेवला. आवाज वाढला, गाडी थरथरली, आणि मुरुमावरच्या चाकांनी तिला हळूच चिखलातून बाहेर काढलं. एवढं झाल्यावर आप्पांनी सगळ्यांना बजावलं, की टायर गुळगुळीत असले तर ही सोय काही करणार नाही आणि तीन चाकं हवेत गेली तर कासरा ओढून उपयोग नाही. त्या दिवसापासून आमच्या यार्डात 'पाय काढला' हा शब्द रूढ झाला. कुणी कामातून अंग काढून घेतलं की म्हणायचे, ह्यानं पाय काढला.

...आणि मग श्रावणातली ती दुपार. जांबोटीच्या पुढच्या डोंगरावरचा टॉवर दोन दिवस बंद होता, वरिष्ठांचे फोनवर फोन येत होते. चढाच्या मध्यावर पाण्यानं तिरकी घळ पाडली होती. आप्पा नेहमीप्रमाणे चालत जाऊन आले, "जाईल, सावकाश जाईल," म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, मागं बॅटऱ्या होत्या. घळीत पुढचं एक आणि मागचं त्याच्या विरुद्ध बाजूचं, अशी तिरपी दोन चाकं उचलली गेली. दिवा लुकलुकला, आवाज सुरू झाला. यार्डात ऐकला होता त्याच्या कितीतरी पट. गाडी वितीवितीनं वर सरकत होती. ती सरकत होती, हे मी आज शपथेवर सांगतो. पण डाव्या बाजूला दरी होती आणि मला त्या क्षणी यार्ड, बैल, कासरा काही आठवलं नाही. "थांबा! आप्पा, मोडतंय काहीतरी! पाय काढा, पाय काढा म्हणतो ना!" मी ओरडलो, त्यांचा दंड धरला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पाय काढला. साहेबांनी सांगितलं म्हणून.

आवाज थांबला. गाडी क्षणभर स्थिर राहिली आणि मागं घसरायला लागली. ब्रेक लागलेला होता, चाकं बंद होती, तरी लाल चिखलावरून ती मागं जात राहिली. आप्पांनी स्टिअरिंग डोंगराकडं फिरवलं म्हणून दरीत न जाता आम्ही कडेच्या जांभळीच्या झाडावर आदळलो. मागची बाजू चेपली, बॅटऱ्या फुटल्या. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. खाली उतरल्यावर आप्पांनी मला विचारलं, "लागलं न्हाय न्हवं, साहेब?" बाकी काही नाही.

अहवाल मी लिहिला. 'चढाच्या मध्यभागी ट्रॅक्शन कंट्रोल कार्यरत असताना चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यामुळे वाहन मागे घसरले.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणूनच तो लिहिणं मला जमलं. खोटं लिहावं लागलं असतं तर कदाचित हात अडला असता... त्याच महिन्यात माझी बढती व्हायची होती, आणि ती झाली. यार्डात सगळ्या ड्रायव्हरांसमोर मॅनेजरनी तो अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, "काय परशराम, तुम्हीच सगळ्यांना शिकवलंत ना? मग पाय का काढला?" आप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "काढला साहेब. चुकलं." मी खाली बघत होतो. नंतर जिन्यात गाठ पडली तर म्हणाले, "चहा घेणार काय?" मी काम असल्याचं सांगून निघून गेलो.

डोंगराची गाडी बाबूला मिळाली. आप्पांना शहरातली छोटी व्हॅन. निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं ते वडगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटातून, गल्लीबोळांतून केबलची बंडलं पोचवत राहिले. डांबरी रस्त्यावर. "आप्पा, पाय काढायचा तर सिग्नलला काढा हां," बाबू चिडवायचा. "तितं काढतो की," आप्पा हसायचे. हसताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, त्यामुळं त्यांना खरंच हसू येतंय की नाही ते मला कधी कळलं नाही. घरची रताळी निघाली की पहिली पिशवी माझ्या टेबलावर असायची. दर वर्षी. त्या घटनेनंतरही. ती रताळी मी घरी नेली, उकडली, मुलींना खाऊ घातली. मी मात्र कधी खाल्ली नाहीत.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या तीन महिने आधी, कंग्राळीत. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. ओसरीत बसून दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. त्यांनी आपणहून विषय काढला. "त्या चढाला आता बाबूच जातोय न्हवं?"

"हो."

"पाय ठेवतोय?"

"ठेवतो."

"बरं हाय," म्हणाले, आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. याहून मोठं दार कुणी कुणासाठी उघडून ठेवत नाही. मी दाणे खाल्ले आणि पावसाबद्दल बोलत बसलो.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा गेलो. वैनी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी इचारलं हुतं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "सगळ्यास्नी शिकवतासा, आन् तुमीच कसा पाय काढलासा? तर म्हणले, वय झालं गं, भ्यालो आसंन. मला बी खरं वाटलं. पोरीला मी सांगितलं, तुझा बा आता भितोय, गाडी चालवू नका म्हण त्यास्नी." त्यांचा आवाज चढला नाही. "भितोय म्हणलो मी. त्यांच्या तोंडावर म्हणलो."

"वैनी, माझं चुकलं."

"ते मला सांगून काय उपयोग? जितं त्यो कागद वाचला तितं आता खरं वाचा. मी बी येतो."

त्या खरोखर आल्या. सोमवारी सकाळी दहा वाजता, बसनं. यार्डात त्यांना खुर्ची दिली. मॅनेजर म्हणाले, जुनं प्रकरण आहे, आता कशाला? मी जुना अहवाल वाचला आणि त्याखाली सहीनिशी लिहिलेली नवी ओळ वाचली, 'वाहन व्यवस्थित वर चढत होते. मी घाबरून ओरडलो व चालकाचा हात धरला, आणि त्यांना पाय काढण्याची आज्ञा केली.' बाबू मान खाली घालून बुटानं माती उकरत होता. मग तो वैनींच्या समोर जाऊन उभा राहिला. "मी लई चिडवलं हो त्यास्नी..." वैनींनी नुसती मान हलवली आणि उठल्या.

"हीच व्हय ती गाडी?"

पिकअप शेडमध्ये धुऊन उभी होती. त्यांनी तिला एक फेरी घातली, टायरच्या खाचेत राहिलेली माती नखानं खरवडून बघितली.

"बसा वैनी," बाबू डोळे पुसत म्हणाला, "कंग्राळीपातुर सोडतो."

"नको रं. मी एकदा म्हणलो हुतो, मला बी फिरवून आना की जांबोटीला. तर म्हणले, कंपनीची गाडी हाय, आपली न्हवं. शेवटपातुर बशिवलं न्हाय." त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. "त्यांनी बशिवलं न्हाय त्या गाडीत आता मी बसू व्हय?"

पदर सारखा करून त्या फाटकाबाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो, त्यांच्या हातातली पिशवी मागितली. त्यांनी दिली नाही. कोपरा ओलांडून बसचा थांबा दिसायला लागला तेव्हा न बोलता, न थांबता, ती माझ्या हातात दिली.