सोलर कोणाच्या नावानं

आमच्या घराचा मालक माझ्या लग्नाच्या आधीच वारला होता. म्हणजे माझे सासरे. मी त्यांना फोटोतच पाहिलं. पण नगरपालिकेच्या लेखी ते हयात होते. दरवर्षी घरपट्टी भरत होते, आणि नळाला पाणी आलं नाही तर तक्रारही त्यांच्याच नावानं जायची.

अकोल्यापासून तासाभराच्या वाटेवर आमचं तालुक्याचं गाव. तिथं माझे यजमान वकिली करत आणि मी शाळेत मराठी शिकवायची. हे एकुलते एक, सासूबाईही जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणजे घराला दुसरा वारस नाही. ज्या माणसानं उभ्या हयातीत लोकांच्या जमिनी वारसांच्या नावावर चढवून दिल्या, त्यानं स्वतःच्या घराची नोंद काही बदलली नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "काहून घाई? घर कुठं पळून जाऊन राहिलं?" एकदा फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "बाबांचं नाव माझ्या हातानं खोडू काय?" आमच्या भागात हे पुष्कळ घरांत असतं. बाप गेला तरी कागदावर तोच कर्ता राहतो. आपलं नाव लावायचं म्हणजे त्याला पाटावरून उठवल्यासारखं वाटतं. पक्षकारांचं मी समजू शकते. वकिलानं असं करावं, याला काय म्हणायचं?

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. आजूबाजूच्या कापसाच्या गावांतून कोणी ना कोणी जीव दिल्याची बातमी यायची, आणि काही दिवसांनी त्याची बायको आमच्या ओट्यावर येऊन बसायची. सरकारी मदतीसाठी सातबारा गेलेल्या माणसाच्या नावावर लागायचा, आणि तो असायचा सासऱ्याच्या नावावर. मग ती बाई तलाठ्याकडून तहसिलात आणि तहसिलातून आमच्याकडे अशी फिरत राहायची. हे चिडायचे. बाईवर नव्हे, त्या गेलेल्या माणसावर. आत येऊन मला सांगायचे, "जित्तेपणी नाव लावून घेतलं असतं तर आज हिले असं फिराव लागलं नसतं." मी चहा टाकता टाकता ऐकायची आणि मनात म्हणायची, बोलतंय कोण.

मग ह्यांची फुप्फुसं बिघडली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की हे बरं होणारं नाही, श्वास तेवढा सोपा करता येईल. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. खाटेशेजारी ते दिवसभर घरघरत असायचं आणि त्याची नळी ह्यांच्या नाकात. मशीन चालायचं विजेवर, आणि वीज आमच्याकडे पाहुणीसारखी यायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं खरं, पण ते पाळायचं कोणी? वीज गेली की मशीन शिट्टी मारून बंद पडायचं. मी धावत जाऊन सिलेंडरची चावी फिरवायची, नळी बदलायची. तेवढ्यात ह्यांचे ओठ काळसर पडायचे. मी निवृत्त होऊन घरीच होते, पण भाजीला बाहेर पडायचंही धाडस होईना. आंघोळीला गेले तरी दार पुरतं लावायची नाही, कान मशीनकडे.

म्हणून सोलर. अकोल्याला एका भाईंचं इन्व्हर्टरचं दुकान होतं, ह्यांचे जुने पक्षकार. त्यांनी छतावर लोखंडी सांगाडा उभारून प्लेटा बसवल्या, जिन्याखालच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या, वायरी ओढल्या आणि हात पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"भाभी, साहेबासाठी मी आजच जोडून देल्लं असतं. पन नगरपालिकेच्या नोंदीचा कागद पाह्यजे. बिना कागदाचं जोडलं तर माझं लायसन जाते."

गावात कुठंतरी बॅटऱ्यांनी पेट घेतल्यापासून नगरपालिकेनं ही नोंद सक्तीची केली होती. भाईंचंही खोटं नव्हतं. पण एवढ्या प्लेटा छतावर नुसत्या उन्हात तापत पडल्या होत्या आणि खाली मी सिलेंडरपाशी धावत होते.

मी अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. घरपट्टीच्या खिडकीत माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसायची. तिनं मला आत बोलावून खुर्ची दिली, अर्ज पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"बाई, अर्ज सायबांच्या नावानं हाय, अन् घर तुमच्या सासऱ्यांच्या नावानं. सोलरची नोंद घरमालकाच्याच नावानं होते."

"मालक केव्हाच वारले, माहीत आहे ना तुला?"

"मले माहीत हाय बाई. कागदाले नाही ना माहीत. आधी वारसाची नोंद करा लागन. सायबांना सहीले यावं लागन."

नेमानं वागायचं मीच तिला वर्गात शिकवलं होतं, त्यामुळे तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती. तो सगळा राग मी घरी नेला आणि ह्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "जपा बाबांचं नाव. आता बाबाच येतील सिलेंडर उघडायला." आजारी माणसाला कोणी असं बोलतं का? मी बोलले. ते हसले, हसताना खोकला आला, आणि मग पाठ चोळत बसायचं काम माझ्याचकडे आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताखाली काम शिकलेल्या एका वकिलाला बोलावून घेतलं. दोघांचं दार लोटून बराच वेळ चाललं होतं. मला वाटलं, वारसाचा अर्ज असेल. चार-सहा दिवसांनी सकाळीच म्हणाले, "ऑटो सांग. आज आटपून येऊ."

ऑटोत सिलेंडर मी दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते. नगरपालिकेच्या पायऱ्या ह्यांना चढवेनात, तेव्हा ती मुलगीच खाली व्हरांड्यात आली. बाकावर ह्यांच्या शेजारी बसून तिनं कागद वाचले, पुन्हा वाचले.

"सायेब, इथं तर बाईंचं नाव हाय."

"हो. घर मी तिले बक्षीसपत्रानं देऊन राहिलो. रजिस्ट्री आताच पलीकडच्या कचेरीत करतो. घराची नोंद तिच्या नावानं घे, सोलरचीबी तिच्याच नावानं." एका वाक्याला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं.

"पन वारस तर तुमी हा ना. आधी तुमचं नाव लावू, मंग बाईंचं..."

"माझं कायले लावतं, पोरी?" ते कोर्टात बोलायचे त्याच थंडपणानं म्हणाले. "माझं लावशील तर थोड्या दिवसांनी बाईले पुन्हा तुह्या खिडकीत यावं लागन. मृत्यूचा दाखला आना, वारसान आना, शपथपत्र आना. मी लई बाया पाह्यल्या अशा फिरताना. माझ्या घरची नाही फिरली पाह्यजे."

ती मुलगी खाली मान घालून कागदाच्या कडा सारख्या करत राहिली. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण तिच्यासमोर मी वर्गात कधी रडले नव्हते. मी चिडले. पलीकडच्या कचेरीत जिथं दाखवलं तिथं सह्या केल्या, वाचलं काहीच नाही. परतताना ऑटोत मी म्हणाले, "एवढं अभद्र बोलायचं होतं तर घरी बोलायचं. चारचौघांत काहून?"

"घरी बोललो असतो तर तू सही केली नसती," ते म्हणाले. खरंच होतं ते. मी केली नसती.

कागद यायचे तेव्हा आले आणि भाईंनी जोडणी करून दिली. तो उन्हाळा बराच सुखाचा गेला. वीज जायची, गल्लीतले कूलर बंद पडायचे, माणसं ओट्यांवर येऊन बसायची, आणि आमचं मशीन आपलं घरघरत असायचं. शेजारच्या बाया मोबाईल चार्ज करायला यायच्या. हे मधूनच विचारायचे, "गेली काय?" मी म्हणायची, "केव्हाचीच." त्यांना ह्याची फार मजा वाटायची. मी कित्येक महिन्यांनी दार लावून आंघोळ केली.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ते गेले. मी शेजारीच होते. मशीन चालूच होतं. आता ते आपलं आपण बंद पडणारं नव्हतं. मलाच उठून बटण दाबावं लागलं.

दिवस वगैरे झाल्यावर मी मृत्यूचा दाखला आणायला नगरपालिकेत गेले. दाखला हातात आला, आणि मी तशीच घरपट्टीच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पिशवीत पावत्या होत्या, फोटो होते, आधार होतं. माणूस गेला की बाईला इथं यावं लागतं, एवढंच डोक्यात होतं. त्या मुलीनं मला पाहिलं आणि उठून बाहेर आली. माझा हात धरून तिनं मला बाजूला घेतलं.

"बाई, तुमचं इथं काईच काम नाही. सायबांचं नाव कुठं लागलंच नाही, तर कमी काय करायचं?"

ती मला बरं वाटावं म्हणून बोलली. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि तिथं, तिच्यासमोर, मला रडू आवरेना. ज्या घरात ते जन्मले आणि ज्या घरात गेले, त्याच्या कागदावर आधी बापाचं नाव आणि मग बायकोचं. त्यांचं एक दिवसही नाही. दहा खेटे घालावे लागले असते तरी मी घातले असते. दाखले आणले असते, शपथपत्र केलं असतं, रांगेत उभी राहिले असते, आणि त्या खिडकीत त्यांचं नाव एकदा वाचून, मग माझ्या तोंडानं सांगितलं असतं की हे आता कमी करा. त्यांना वाटलं, त्यांनी माझा त्रास वाचवला.