मामांची फ्रान्सची तयारी

आमच्या खोलीतल्या मामांना फ्रान्स जितका ठाऊक होता तितका खुद्द फ्रेंचांनाही नसेल. त्यांनी तो पाहिलेला नव्हता, ही अडचण आम्ही कधी मानली नाही. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपात ते स्टोअरकीपर. नव्वद साली कुठल्याशा ट्रॅव्हल एजंटकडून त्यांनी एक माहितीपत्रक आणलं. द्राक्षांच्या मळ्यांतून सायकलीनं हिंडायचं, दुपारी गावातल्या खानावळीत जेवायचं, संध्याकाळी वाइन. झालं, मामांना वेड लागलं. कुठल्या गावानंतर चढ लागतो आणि कुठल्या वळणावर चांगलं चीज मिळतं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. न्हाव्याचं दुकान मात्र त्यांना दर वेळी विचारत जावं लागे.

मामांनी दारूला कधी हात लावला नव्हता, म्हणून वाइनचा सराव डाळिंबाच्या रसावर चाले. स्टीलच्या पेल्यात रस गरगर फिरवायचा, नाक खुपसायचं आणि म्हणायचं, "जुन्या लाकडाचा वास येतोय." मी सांगे, "मामा, कांद्याचा येतोय. पेला घासायची पाळी तुमची होती." त्रिकोणी चीज खुबूसमध्ये, म्हणजे तिथल्या अरबी रोटीत, गुंडाळून ते डोळे मिटून खात. शुक्रवारी पहाटे सायकल काढून हायवेच्या कडेनं सुटत. एकदा एका पठाण ड्रायव्हरनं ट्रक थांबवून विचारलं, "भाईजान, किधर?" मामा म्हणाले, "फ्रान्स." तो बिचारा विचारात पडला. "मैं शारजा तक जाता हूँ," म्हणाला.

खरी अडचण मामींची होती. मामांना जायचं होतं ते जोडीनं, आणि गुहागरजवळच्या गावात राहणाऱ्या मामींना सायकल येत नव्हती. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा मिळे, तेव्हा मामा त्यांना शिकवत. मामी जरा तोल सांभाळू लागल्या की रजा खलास! पुढच्या रजेपर्यंत त्या सगळं विसरलेल्या असत. मग श्रीगणेशा. फोनचं अख्खं कार्ड मामा "दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे गं" यातच संपवत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि एकत्र राहिले होते सगळे मिळून अठरा महिने.

एकदा मी आगाऊपणा केला. "मामा, मामींचं काही खरं नाही. तुम्ही एकटेच जाऊन या ना."

मामा माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. "एकटं राहायला फ्रान्स कशाला हवा रे? मुसफ्फा आहे की!"

मला स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रजेवरून ते परतले, पण फ्रान्सचं नावच काढेनात. चार दिवसांनी मला म्हणाले, "तिला सायकल आली."

"वा! तुम्ही शिकवलीत?"

"छे. मी इथं असताना शेजारच्या मुलींनी शिकवली. झकास चालवते. निघताना मला मागे बसवून एस.टी. स्टँडवर सोडायला आली. अरे, त्या कॅरिअरवरून उतरवेचना मला."

महिना संपायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजर पगार वाढवून देत होता. मामा म्हणाले, "नको हबीबी, बायको वाट बघतेय."

फ्रान्सला ते अजून गेलेले नाहीत. मध्यंतरी मी फोन केला, तर मामी म्हणाल्या, "ते सायकल घेऊन पुढे गेलेत, मी माझी काढतेच आहे," आणि घाईघाईनं फोन ठेवला. मला मामांचा हेवा वाटला. माझ्या रजेला अजून चौदा महिने होते.