अर्धी राहिलेली खूण

बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं. करणी, भूत, अंगात येणं... कुणी असलं बोललं की मी तोंडावर हसायचो. आजही हसेन. म्हणून हे लिहायलाच नको म्हणत होतो. भाची म्हणाली, मामा, वहीत लिहा, मी टाईप करून ग्रुपवर टाकते. माझं शिक्षण पाचवी. चुकलं तर चुकलं.

भिवंडीत निजामपुऱ्यात मी अडतीस वर्षं लूम चालवले. बायको सुमन त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायची. चोवीस लूम एकदम चालू असले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही हातानं बोलायचो. दोन बोटं जुळवून फटकन लांब केली, म्हणजे धागा तुटला. अंगठा बोटावरून फिरवला, म्हणजे गाठ मार. आणि कानाची पाळी धरली तर तो मी, कारण शेडमध्ये पहिले कान माझे गेले. आमचा एकुलता पोरगा प्रवीण तिथंच सुताच्या पोत्यांवर वाढला. त्याला ही भाषा तोंडाच्या भाषेच्या आधी आली.

प्रवीण कबड्डीत रेडर होता. जिल्ह्याच्या टीमला खेळला. लोक मला प्रवीणचा बाप म्हणून चहा पाजायचे. मग गुडघा गेला. ऑपरेशन केलं, दुखणं राहिलं. आधी दुखण्याच्या गोळ्या, मग झोपेच्या, मग गल्लीत चोरून मिळतात त्या. जवळच्या वळ गावात एका गोडाऊनमध्ये लोडिंगला लागला आणि तिथलेच मोबाईलचे बॉक्स बाहेर काढले. वॉचमन आडवा आला. प्रवीणनं त्याला धक्का दिला, मैदानात देतो तसा. म्हाताऱ्याचं कमरेचं हाड मोडलं. माझ्याच वयाचा माणूस.

चौकीत एका हवालदारानं प्रवीणचा मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हणाला, "काका, तुमचा रेडर कुठं रेड टाकत होता बघा." फोटो होते. प्रवीण आणि दिनेश. दिनेश त्याच्याबरोबर लोडिंग करणारा, यूपीचा. फोटोत काय होतं ते लिहीत नाही. माझ्या पोराला पुरुष आवडतो. हे एक वाक्य वहीत उतरवायला मला चार दिवस लागले.

तिथंच मी त्याला बोललो, "तू मेलास मला."  हवालदार हसायचा थांबला.

त्याच आठवड्यात सुमनला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. राहिला डावा हात. रोज सकाळी ती डाव्या हातानं मला दोन खुणा करायची. धागा तुटला. गाठ मार. कुणाबद्दल ते मला कळायचं. मी म्हणायचो, "पाणी पाहिजे का?" आठ महिने मी पाणीच विचारत राहिलो. जेलातून फोन यायचा तो उचलला नाही. पोराला भेटायला गेलो नाही. आई आजारी आहे हे पण त्याला कळवलं नाही.

एका गुरुवारी ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोराला कळवलं का न्हाय? आई हाय ती त्याची." म्हणून गेलो. भेटायला नाही, फक्त कळवायला.

जेलात मुलाखतीला मध्ये काच असते आणि दोन्हीकडे रिसीव्हर. माझ्या कानाला रिसीव्हरचा उपयोग नाही, मी ठेवून दिला. प्रवीण आला. मांड्या वाळून गेल्या होत्या. भुवईवर टाके होते. मी हातानं विचारलं, हे काय? तो हातानं आणि ओठानं बोलायला लागला. बाजूच्या खिडकीतली बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली असावी, बिचारे मुके आहेत, कारण ती आमच्याकडे बघून च्यक च्यक करत होती.

त्यानं सांगितलं, त्याचं आणि दिनेशचं बॅरकमध्ये सगळ्यांना कळलंय. संडासाच्या दाराशी झोपायला जागा दिलीय. बाई म्हणून हाक मारतात. एकदा ऐकून घेतलं नाही, तर चौघांनी मारलं. गोळ्या आतही मिळत होत्या, मिळाल्या की घेत होता. "आता बंद केल्या," म्हणाला. "सतरा दिवस झाले."

मी म्हटलं, "आई गेली."

 तो म्हणाला, "कधी?"

"मागच्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी."

"त्याच्या आदल्या मंगळवारी तर इथं आलेली."

मी म्हटलं, "कोण?"

"आई. अकराच्या सुमाराला. नावाचा पुकारा झाला म्हणून मी आलो, तर ती त्या तिसऱ्या खिडकीत. रिसीव्हर घेतला न्हाय. डाव्या हातानं बोलत होती. मी विचारलं, उजव्याला काय झालं? तर बोलली न्हाय." मग त्यानं मला करून दाखवलं, डाव्या हातानं. धागा तुटला. गाठ मार. मग कानाची पाळी. "तुझं कायतरी सांगत होती, बाबा. हात पुढं आणला आणि मध्येच आत घेतला. कुणी धरून ओढल्यासारखा. मग गेली. त्या दिवसापासून गोळी घेतली न्हाय."

आता त्या मंगळवारचं सांगतो. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

त्या मंगळवारी सुमन जिवंत होती. मेलेलं माणूस दिसलं असं असतं तर मी म्हटलं असतं, पोराच्या मनाचे खेळ. पण ती जिवंत होती आणि माझ्यासमोर खाटेवर होती. साडेदहाला पेज भरवली. मग तिनं डोळे मिटले. झोपेतच डावा हात चादरीवर हलायला लागला. बोटं जुळवली, लांब केली. अंगठा फिरवला. हात उचलून कानाशी नेला. मला वाटलं झटका येतोय. मी हात धरला, चादरीच्या आत घातला आणि वरून दाबून ठेवला. थोडा वेळ जोर करत होती. मग सोडून दिलं.

काचेच्या पलीकडून प्रवीण विचारत होता, "तुझं काय सांगत होती ती?"

मला काय माहीत. हात तर मीच आत घातला होता.

पण तो उत्तरासाठी थांबला होता. मी म्हटलं, "सांगत होती, बाबा येईल न्यायला."

त्यानं मान हलवली आणि कपाळ काचेला लावलं. वेळ संपली.

बाहेर येऊन मुलाखतीच्या नोंदी बघणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्या मंगळवारी ह्या नावाला मुलाखत नाही. मग मी वळ गावी गोडाऊनवर जाऊन दिनेशला गाठलं, पहिल्यांदाच. वाटलं, ह्यानंच लकव्याचं आत कळवलं असेल. मला बघून तो दोन पावलं मागं सरकला, मारायला आलो समजून. म्हणाला, "चाचा, मुझे अंदर कौन छोड़ेगा? पूछते हैं रिश्ता क्या है. चाची बीमार थी, ये भी आप से सुन रहा हूँ." मग तिथंच गोणीवर बसून रडला. मला रडू आलं नव्हतं, अजून आलेलं नाही. मी त्याच्या बाजूला बसलो. आणि काय करणार.

न्यायला येईन असं बोललो होतो म्हणून वकील गाठला. जामीन मीच राहिलो. ज्या दिवशी सोडला त्या दिवशी दिनेश जेलच्या रस्त्याला लांब उभा होता, पानटपरीच्या आडोशाला. प्रवीण त्याच्याकडे बघत होता आणि माझ्याकडे बघत होता. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. दिनेशला म्हटलं, "बैठ. आगे बैठ, पीछे मेरा घुटना दुखता है." तो पुढं ड्रायव्हरजवळ बसला. तिघं घरी आलो. केस चालू आहे. शिक्षा होईल बहुतेक, वॉचमन अजून काठीवर आहे. तोवर प्रवीण घरी आहे. दिनेश रविवारी येतो, भात लावतो, चांगला लावतो.

कुणी म्हणेल नशेत दिसलं. असेल. पण डावा हात नशेत कसा कळला? आणि हात आत गेला ते?  विहारातल्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, दुःखात मन असं करतं. कुणाचं मन, माझं की त्याचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

एक गोष्ट राहते. ती काय सांगणार होती ते मी बनवून सांगितलं. "बाबा येईल" म्हणत होती की "बाबाची वाट बघू नको" म्हणत होती... आठ महिने मी वागलो त्यावरून दुसरं वाक्यच खरं वाटतं. प्रवीणला हे बोललो नाही. भाचीला विचारलं, ग्रुपवर टाकल्यावर तो वाचेल का. म्हणाली, वाचेल मामा.

वाचू दे.