भिंत सोडायची नाही

सांदण दरीत पहिला कडा सगळ्यांनी उतरला की वरचा दोर खाली ओढून घेतात, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. दोर सळसळत खाली आला आणि मला कळलं, आता साम्रद गावाकडे परत जाणं नाही. दोन्ही बाजूंना सरळसोट काळा कातळ, मागे चढता न येणारा कडा आणि पुढे अजून न उतरलेला. "आता माघार नाही बरं का," असं मीच सगळ्यांना हसत सांगितलं. गणित शिकवून शिकवून दुसऱ्यांना दम भरायची सवय लागली आहे. तासाभराने दुसऱ्या कड्यावर मी अधांतरी अडकले आणि माझ्यापायी बाराच्या बारा जण खोळंबले.

सहल श्रीरामपूरच्या आमच्या शाळेतल्या लोकांची होती. एक जागा उरली म्हणून मी धाकट्या बहिणीला ओढून आणलं. ती मिरजगावजवळ सासरी असते. दोन्ही वेळच्या धारा तिच्याच अंगावर, त्यामुळे मुक्कामाला कुठे जात नाही. या वेळी जावेची मनधरणी करून आली. गाडीत बसल्यापासून तिचं एकच पालुपद, "आक्का, मला न्हाई जमायचं." आणि माझं दुसरं, "मी उतरते तसं उतर. विहिरीत उतरणाऱ्या बाईला चाळीस फुटांचं काय कौतुक?"

ही बढाई होती, पण खोटी नव्हती. आमच्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. मोटारीच्या पाइपाच्या टोकाला जाळी असते, तिच्यात शेवाळ अडकलं की कुणीतरी खाली जाऊन ती साफ करायची. वडिलांचा एक पाय अधू, म्हणून बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ते काम माझं. कमरेला दोर बांधायचा, कडुलिंबाच्या बुंध्याला त्याचा एक वेढा मारायचा आणि टोक धाकटीच्या हातात द्यायचं. वडील काठावर बसून सांगायचे, "दोर नुसता नावाला हाय. छाती भिंतीला लाव. भिंत सोडायची न्हाई." मी दगडाच्या खाचांत बोटं रोवून उतरायचे. कधी पडले नाही.

पहिल्या कोरड्या कड्यावर तसंच करून निभावलं होतं, दुसऱ्या कड्यावरही मी तेच केलं. आमच्याबरोबर साम्रदचे दोन वाटाडे होते, एक वर, एक खाली. वरच्याने दहा वेळा बजावलं होतं की मागे रेलायचं, पाय कातळावर सपाट टेकवायचे आणि सगळा भार दोरावर सोडायचा. मी मान डोलवली आणि काठ ओलांडताच कातळाला छाती लावली. शेवाळलेल्या दगडावरून उजवा पाय सटकला. डावा बुटासकट एका उभ्या चिरेत गेला आणि घोट्यापर्यंत रुतला.

आता मजा अशी, की पायावर भार आहे तोवर पाय निघणार नाही, आणि भार काढायचा तर कातळ सोडून दोरावर बसायला हवं. हे कळायला गणिताची बाई असायची गरज नाही. मला ते पहिल्या मिनिटालाच कळलं होतं.

"ताई, मागं रेला! खुर्चीत बसल्यावानी बसा!" वाटाड्या वरून ओरडला. खालून सात जण ओरडू लागले, वरून चार. एकजण तर म्हणाला, "बाई, सोप्पं आहे!" मला त्याचा इतका राग आला की खाली उतरता आलं असतं तर आधी त्याचा कान धरला असता. बोटं बधिर झाली होती. मघाशी डबक्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून आलो होतो, ते ओलं अंग आता कापायला लागलं. गाल कातळाला टेकलेला, नाकात शेवाळाचा वास. मी हातांना सांगत होते, सोडा. हात ऐकत नव्हते. मला रडू आलं, आणि रडताना नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

वरचा वाटाड्या दुसरा दोर लावून माझ्याकडे यायची तयारी करू लागला. वर असलेली माझी बहीण कड्याच्या तोंडाशी पालथी झोपली आणि तिने डोकं बाहेर काढलं. वाटलं, आता ही घाबरून गळा काढणार.

"आक्का, टाक की दोरावर भार!"

"टाकता येत नाही गं."

"तुला कंदीच आला न्हाई." तिचा आवाज चिडका होता. "मी दोर धरून हुबी ऱ्हायची, अन् दोर कायम ढिला. एकदा तरी ताणंल म्हनून वाट बगायची मी. नऊ वर्षांची हुते, पन सोडला नसता."

इतकी वर्षं मी समजत होते की मी लहान बहिणीवर ओझं टाकत नाही. वरून ते तिला कसं दिसत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

मी डोळे मिटले, आधी एक हात सोडला, मग दुसरा, आणि बसले. दोर कड्यावर करकरला. एक वीतभर खाली गेले, आणि थांबले. पाय बुटातून अलगद निघाला. बूट तिथेच राहिला. बाकीचा कडा मी एका मोज्यावर उतरले.

खालच्या वाटाड्याने माझ्या घोट्याला पट्टी बांधली. पुढची पाळी बहिणीचीच होती. उतरणाऱ्याच्या दोराचं टोक खाली कुणीतरी धरून असतं. टोक ताणलं की दोरावरचा माणूस आहे तिथे थांबतो. मी म्हणाले, मी धरते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे स्वतः धरून मला मागे उभं केलं.

ती निम्म्यात आली आणि तिचं हेल्मेट डोळ्यांवर घसरलं. "जरा थांबवा!" ती ओरडली. आम्ही दोघांनी दोर ताणला. ती वीस फुटांवर लटकली, दोन्ही हात सोडले आणि निवांत हनुवटीखालचा पट्टा आवळत बसली. खाली दोर कुणी धरलाय, हे तिने वाकून पाहिलंसुद्धा नाही.