अर्धवट फोटो

चंद्रपूरच्या गादीवाल्या रहीमभाईंची मुलगी जैनब नागपूरला शिकून चंद्रपूरच्याच दवाखान्यात सीटी स्कॅनवर लागली. स्थळ आलं की आई "दवाखान्यात आहे" एवढंच सांगायची; मुंडक्यांचे फोटो काढणारी सून कोणाला रुचणार?

२००२च्या उन्हाळ्यात राजुऱ्याकडचे वारलूभाऊ तिच्यासमोर आले. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना छपरावरून पडले होते. डोकं ठणकत होतं, बोलताना शब्द अडत होते. सोबत बायको, रुखमाबाई.

जैनब काचेआडून माइकवर म्हणाली, "भाऊ, हलू नका."

"हो जी." वारलूभाऊंनी मान डोलावली.

"मान हलवू नका, भाऊ."

"नाई हलवत जी." मान पुन्हा डोलली.

शेवटी फोटो निघाला, तो अर्धवटच. डोक्याभोवती फिरताना ते स्थिर होतं तेवढ्या फेरीवरून यंत्राने चित्र बांधलं आणि उरलेलं आजूबाजूच्या अंदाजाने भरलं. पडद्यावर सारं स्वच्छ दिसत होतं.

फोटो पाहायला आलेले डॉक्टर एका जागी थांबले. "कानावरचा हा भाग मोजलेला की भरलेला?"

"भरलेला, सर."

"मग परत काढा."

रुखमाबाई दारातूनच म्हणाली, "कोणी बोललं आन् हा उत्तर न देता राह्यला, असं लग्नापासून नाई झालं. तुम्हीच गप राहा नं, बाई!"

जैनबने माइक बंद केला. यंत्र फिरलं. कोणाचाही आवाज आला नाही, म्हणून वारलूभाऊंनीही कोणाला उत्तर दिलं नाही.

या वेळी कानाच्या वर, कवटीच्या आत, रक्ताची बारीक कोर दिसली. लगेच ऑपरेशनसाठी जीपने नागपूरला न्यायचं ठरलं.

रुखमाबाईने जैनबचा हात धरला. "पहिल्या फोटोत त रक्त नोतं. तोच द्या आमाले."

"तो खरा नाही, बाई. भाऊ हलले तिथलं यंत्राला दिसलंच नाही. त्यानं आपल्या मनानं भरलं."

"मंग चांगलंच भरलं होतं नं त्यानं!"

दुसरा फोटो जैनबने रुखमाबाईकडे न देता जीपच्या ड्रायव्हरकडे दिला, नागपूरच्या डॉक्टरांच्याच हातात द्यायला बजावलं. रुखमाबाई तिच्याकडे न पाहता जीपमध्ये चढली. जैनबने खिडकीतून पाण्याची बाटली आत धरली. थोडा वेळ ती तशीच धरून ठेवावी लागली, मग रुखमाबाईने घेतली.