चातुर्मासातला लसूण

आमच्या सासूबाई सकाळची भाजी संध्याकाळी ताटात घेत नाहीत आणि चातुर्मासात लसणाला उंबरा ओलांडू देत नाहीत. नवऱ्याची चाकणच्या कंपनीत शिफ्ट, म्हणून थेरगावच्या दवाखान्यात माझ्या उशाशी त्याच बसायच्या.

मला रक्ताचा कर्करोग. केमो झाली की प्लेटलेट्स घसरायच्या, हिरड्यांतून रक्त यायचं. दुसऱ्या कुणाच्या चढवल्या तर माझं शरीर त्यांना टिकू देईना. मी हट्टी, रक्तही तसंच. म्हणून मधल्या बऱ्या दिवसांत डॉक्टरांनी माझ्याच प्लेटलेट्स काढून गोठवून ठेवल्या होत्या. त्याही लागू पडल्या नाहीत तर पुढे काय, हे विचारायची मला भीती वाटत होती.

“फ्रीजरातल्या म्हंजी शिळ्याच की,” सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या. “त्यापरीस माझं ताजं घ्या. मला काय धाड भरलीया?”

डॉक्टरांनी समजूत घातली. प्लेटलेट्सची गोठलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवून मला चढवली. थोड्या वेळाने सासूबाईंचं नाक हललं.

“लसूण खाल्लास व्हय ग?”

“नाही हो आई.”

“हा कर.”

मी त्यांच्यासमोर श्वास सोडून ‘हा’ केला. त्यांनी पदर नाकाला लावला. मागच्या खेपेला उशीच्या अभ्र्यात ठेच्याची पुडी सापडली होती, त्यामुळे माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. त्यांनी माझी कपड्यांची पिशवी उपसली, गादी उचलली, माझे मोजेसुद्धा झटकले. या खेपेला मी खरंच निर्दोष होते आणि कुणाला पटत नव्हतं. मला हसू आवरेना, त्याने त्यांचा संशय आणखी बळावला.

शेवटी सिस्टरच मदतीला आल्या. गोठताना पेशी मरू नयेत म्हणून त्यात औषध घालतात, ते श्वासावाटे बाहेर पडतं, त्याचा हा वास, असं त्यांनी सांगितलं.

“मग लागू पडलं का?” सासूबाईंनी विचारलं.

“ते उद्या कळेल, मावशी.”

त्यानंतर सासूबाई घडीघडी मला हा करायला लावायच्या. आता पदर नाकाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वास गेला आणि त्यांचा चेहरा उतरला. “उतरलं वाटतं औषध,” त्या पुटपुटल्या. मी हिरडीवरचा कापूस काढून त्यांच्या हातावर ठेवला. पांढरा होता. मला रडू आलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि तशाच सिस्टरांकडे गेल्या.

“बाई, शिळ्या अजून हायेत ना?” त्यांनी विचारलं. “नीट झाकून ठेवा.”