हार घातलेला फोटो

सावेडीतल्या त्या फ्लॅटवर मी रोज संध्याकाळी आजींना इन्सुलिन द्यायला जायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डीच्या घरातली मी पहिली पदवीधर, नर्सिंग झालेली. तोंडावर बोलायला मी कचरत नाही.

आजींची लेक अभिनेत्री. वीस वर्षं नाटकात काढली, मग मालिकेत सासू झाली. मालिकेतली ती सासू मेली आणि तिचा हार घातलेला फोटो तेवढा सेटवरच्या भिंतीवर राहिला. आजींना आता माणसं ओळखू येत नव्हती. टीव्हीवर तो फोटो दिसला की त्या ऊर बडवायच्या, "माझी लेक गेली गं!" लेक शेजारच्याच खुर्चीत बसलेली असायची.

"टीव्ही बंद का करत नाही, ताई?" मी एकदा सरळच विचारलं.

"केला होता. लेकीचं तोंडसुद्धा बघू देत नाही म्हणून दोन दिवस जेवली नाही. मीच तुझी लेक म्हटलं, तर मला खोटारडी म्हणाली."

तेव्हापासून ती आईला मावशी म्हणायची. पाठीवरून हात फिरवत सांगायची, "मावशी, तुमची लेक लई गुणाची हुती."

एकदा आजींनी डोळे पुसून तिच्याकडे निरखून पाहिलं. मी सुई हातात धरून थांबले.

"तुला आई हाय का गं?"

"हाय."

"मग तिच्यापाशी जा की! हितं परक्याच्या घरी काय बसलीस?"

"जाते, मावशी."

ती उठली, आत जाऊन तोंड धुऊन आली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली.